पाकातला रावस

परवा लेकीचा फोन आला. "ममा, शुक्रवारी इकडेच जेवायला ये. फिश करतेय. तुझा उपवासकाळ चालू आहे ना, तुला चालेल." तुझा उपवासकाळ! जसा काही बाप्तिस्मा मी एकटीनंच घेतलाय. पण आयतं ताट कोण सोडतं? गेले.

ती एव्हरशाईन सिटीत सहाव्या मजल्यावर राहते. तिचा ओव्हन भिंतीतच बसवलेला आहे. बटण दाबलं की तो टुंग करतो, आणि किती तापायचं ते त्याचं त्यालाच कळतं. तिनं फ्रीजमधून गुलाबी माशाचे चार तुकडे काढले. "सॅमन आहे, बाहेरून येतो," म्हणाली. त्यावर मध, सोया सॉस, लसूण असं काहीबाही ब्रशनं फासलं, दहा मिनिटांनी परत फासलं. काचेमागे तो रस फसफसायला लागला, कडेनं काळसर झाला, आणि जळू लागलेल्या गोडाचा आणि माशाचा मिळून एक वास घरभर पसरला. मी खुर्चीत बसले होते ती उठून उभीच राहिले. "काय झालं गं?" लेकीनं विचारलं. "काही नाही, तुझं चालू दे," म्हटलं. सांगायला बसले असते तर तिचा तो बाहेरचा मासा करपला असता. आणि सांगायचं तर ते मला नीट सांगायचं होतं, कारण त्यात माझी चूक आहे, आणि चूक घाईघाईत सांगितली की माणूस ती अर्धीच सांगतो.

आमच्या वटार गावात ईस्टरआधीचा उपवासकाळ कॅलेंडर बघून येत नसे. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावायचे ती रीतसर सुरुवात, पण त्याच्या आधीच हवेनं कूस बदललेली असायची. सकाळी वाडीत केळीच्या पानांवर दव, आणि अकरा वाजता त्याच वाटेवर पायाला चटके. शेवग्याला शेंगा लटकलेल्या. अर्नाळ्याकडून वारा आला की त्याच्याबरोबर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि शाळेत बाईंच्या नाकाला रुमाल जायचा. त्या बाई घाटावरच्या होत्या, बिचाऱ्या. लग्नाचे बँड एकदम गप्प व्हायचे, कारण या चाळीस दिवसांत आमच्यात लग्न लागत नाही. चर्चमध्ये पुतळ्यांवर जांभळी कापडं चढायची. शुक्रवारी मटण-कोंबडी बंद, मासा तेवढा चालायचा. आणि घराघरात माणसं हळूच एकेक गोष्ट सोडायची.

हे सोडणं बाहेरच्यांना पटकन समजत नाही. देवासाठी, कुणाच्या भल्यासाठी, किंवा आपल्याच खोडीवर उतारा म्हणून आवडीची एक वस्तू ईस्टरपर्यंत सोडायची. बाबा विडी सोडायचे, आणि त्यांच्या विडीचा उपवास सगळ्या घराला घडायचा. मी एका वर्षी भांडण सोडलं होतं. तीन दिवस टिकलं. नियम एकच: काय सोडलं ते कुणाला सांगायचं नाही. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळता कामा नये. आता आमचं घर केवढं? दोन खोल्या, एक पडवी आणि मागे चूल. कोणी काय सोडलंय ते तिसऱ्या दिवशी कोंबड्यांनासुद्धा ठाऊक व्हायचं. पण कळलं तरी कळलं असं दाखवायचं नाही, हासुद्धा उपवासाचाच भाग. आजकाल लोक मोबाईल सोडतात आणि तसं मोबाईलवरच जाहीर करून सोडतात. असो. मी निवृत्त मास्तरीण आहे, खोड जात नाही.

त्या वर्षी मी दहावीला होते. ऐंशी साल उजाडायला एखाद-दोन वर्षं असतील. जानेवारीत दादाचं लग्न झालं. दादा म्हणजे सायमन, माझा एकुलता भाऊ. वायरमनचं काम शिकलेला. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो कुवेतला गेला, आणि घरात उरलो आय, बाबा, मी आणि नवी वहिनी. आम्ही आईला आयच म्हणतो. वहिनीचं नाव मॅगी. ती बांद्र्याची, केस कापलेले, इंग्रजी मासिकं वाचणारी, आमच्या घरबोलीतलं निम्मं न कळणारी. आयचं बोलणं मी इथे सगळ्यांना समजेल अशा मराठीत लिहितेय, पण तिच्या तोंडी ते याहून आखूड आणि याहून धारदार असायचं, हे ध्यानात ठेवा.

खरं सांगते, मला वहिनी आवडली नव्हती. तिचा दोष काहीच नव्हता. दादाची पत्रं आधी माझ्या नावानं यायची, म्हणजे तो मुंबईत कामाला होता तेव्हा. आता कुवेतहून पत्र आलं की पाकिटावर तिचं नाव. ती ते मागच्या पायरीवर बसून आधी एकटी वाचायची, मग त्यातलं आम्हाला वाचून दाखवण्यासारखं तेवढं वाचून दाखवायची, आणि सगळ्यात शेवटी, सहीच्याही खाली, "फिलूला पापा." माझं नाव फिलोमिना. सोळा वर्षं ज्याच्या खांद्यावर बसले त्याच्या पत्रात मी सहीच्या खाली!

वहिनीनं लग्नात ओव्हन आणला होता. गोल, अॅल्युमिनियमचा, वर घट्ट बसणारं झाकण आणि झाकणाला मधोमध काचेची खिडकी. आमच्याकडे सुना तांब्याची भांडी आणतात. हंडे, बंब, परात. त्यात हा ओव्हन बघून गावातल्या बायका पडवीत येऊन काचेतून आत डोकावून गेल्या. एकीनं विचारलं, "यात काय दिसतं?" आय म्हणाली, "अजून काही नाही दिसलं." त्यानंतर तो कपाटावर जाऊन बसला आणि वहिनीनं त्यावर विणलेला रुमाल घातला.

कारण असं की तो घरात चालायचाच नाही. घरातलं वायरिंग लाकडी पट्ट्यांवरचं, फक्त दिव्यापुरतं. ओव्हनची ती तीन जाड पायांची पिन बसेल अशी जागा आख्ख्या घरात नव्हती. जाण्याआधी दादानं बायकोसाठी एक सॉकेट बसवून दिलं, पण ते कुठे, तर मागे वाडीत, विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत, कारण जाड वायर तेवढ्या एकाच ठिकाणी आलेली. आणि पंप चालू असताना ओव्हन लावला तर दोन्ही रडायचे. पंपाचा आवाज बसायचा आणि ओव्हनची तार लाल व्हायच्याऐवजी नुसती कोमट व्हायची. वीजही धड यायची ती अकरा ते दोन. म्हणजे त्या तीन तासांत बाबांना पानवेलींना पाणी द्यायचं असायचं. मार्चमध्ये पानवेल एक दिवस तहानली तर दुसऱ्या दिवशी मान टाकते. तेव्हा ओव्हन हवा तर बाबांना पंप बंद करा म्हणून सांगायचं, आणि तेही त्यांनी विडी सोडलेली असताना! कोण सांगणार?

राखेच्या बुधवारच्या आसपास दादाचं पत्र यायचं थांबलं. पहिला आठवडा कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकू आली की वहिनी हातातलं भांडं तसंच घेऊन फाटकाशी जायची. तो लांबूनच मान हलवायचा. भला माणूस होता, तिला उगाच थांबवायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मान हलवणंही सोडलं, खाली बघून पुढे जायचा. फोन साऱ्या गावात एक, तोही मुका. कुवेत म्हणजे नेमकं किती लांब ते मी शाळेच्या नकाशात पट्टी लावून मोजलं होतं. वाचणाऱ्यांनो, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावू नका. दादा आता सत्तरी ओलांडून बसलाय आणि माझ्याहून जास्त जेवतो. त्याला तिथे टायफॉइड झाला होता, पत्र ईस्टरच्या आदल्या दिवशी आलं. पण हे तुम्हाला माहीत आहे. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

आयनं त्या वर्षी गोड सोडलं होतं, दादासाठी. आणि आय ही गोडाची इतकी वेडी, की वाडीत जाताना पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधून न्यायची. लग्नात वाढपी तिच्या पानात आपणहून दोनदा वाढायचे. त्या आयचा चहा आता बिनगुळाचा, काळाकुट्ट. ती सगळ्यांच्या आधी उठून चुलीपाशी तो एकटी पिऊन टाकायची, म्हणजे कोणाच्या नजरेला नको. पण मी परीक्षेच्या अभ्यासाला पहाटे उठत होते. मी पाहिलं. तिचं तोंड कडू व्हायचं आणि ओठ हलायचे, "माझ्या सायमनला सांभाळ." वहिनीला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. नवी सून, सासूच्या कपात काय आहे ते वाकून कशी बघणार?

चुलीपाशी आय तिला फिरकूही देत नव्हती. जाच म्हणून नाही हो. आयला वाटायचं, शहरातली पोर, धुरानं डोळे जातील. आणि वहिनीला वाटायचं, आपल्या हातचं यांना चालत नाही. दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागत होत्या की मधल्यामध्ये मलाच गुदमरायला व्हायचं. वहिनी दिवसभर भांडी घासायची, अंगण झाडायची, आणि पत्राची वाट बघायची. तिच्या गालांची हाडं दिसायला लागली होती. एके दिवशी मागच्या पायरीवर बसून ती जुनीच पत्रं परत वाचत होती. आय तिच्याकडे बघत किती तरी वेळ दारात उभी राहिली आणि मग आत आली.

मग एका गुरुवारी वहिनीनं धीर केला. "आई, उद्या शुक्रवार. उद्याचा मासा मी करू? ओव्हनमध्ये?"

आय तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. "कर की बाय. विचारतेस काय?"

मग आयनंच बाबांना सांगितलं, उद्या बारा ते एक पंप बंद. बाबा म्हणाले, "एका माशापायी पानवेली मारता काय?" आय म्हणाली, "पानवेली मेल्या तर दुसऱ्या लावता येतील." बाबा गप्प बसले. विडी सोडलेला माणूस गप्प बसला म्हणजे केवढी गोष्ट!

शुक्रवारी सकाळी अर्नाळ्याची जानकी पाटी घेऊन आली. आमच्या घरची मासेवाली तीच, तिच्या आधी तिची सासू. मासे द्यायची आणि बदल्यात केळी, वांगी, असेल ती भाजी न्यायची. वहिनीला रावसच हवा होता. तिच्या एका मावशीनं कुणा गोऱ्या मडमेकडे स्वयंपाक केला होता, तिथे सॅमन नावाचा मासा मध लावून भाजायचे. इथे सॅमन कुठला मिळणार, पण आमचा रावस त्याच्या जवळचा, असं मावशीनं सांगितलेलं. जानकीनं पाटीवरचं फडकं बाजूला केलं. "घे गो बाय, पानी नाय लावला का बरफ नाय लावला. सकालचा हाय. कवला बघ कशी लाल हायेत." तिनं माशाचे कल्ले उघडून दाखवले, मग वहिनीकडे निरखून बघत आयला म्हणाली, "सून सुकली गो तुजी." आयनं जानकीला जरा जास्तच केळी दिली.

मध नव्हता. वहिनीनं गूळ घेतला. मी पडवीत इतिहासाचं पुस्तक उघडून बसले होते आणि सगळं बघत होते. तिनं गूळ किसला, ताडीच्या सिरक्यात विरघळवला, त्यात वाटलेली मोहरी, ठेचलेला लसूण, मिरी, वरून लिंबू. मंद आचेवर ढवळत ठेवलं. ते आटून चकचकीत झालं, चमच्यावरून तार धरून पडायला लागलं. "याला ग्लेझ म्हणतात," ती मला म्हणाली, कितीतरी दिवसांनी हसून. आमच्या भाषेत तो पाकच. गुळाचा पाक. आणि माझ्या आयनं गोड सोडलेलं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, "वहिनी, आयसाठी एक तुकडा बिनपाकाचा ठेव." कारण सांगायचीही गरज नव्हती. पण मी तोंडात मूग गिळून बसले. मनात म्हटलं, सोडलेलं सांगायचं नसतं, नियम आहे. नियम! सोळाव्या वर्षी माणूस आपल्या मत्सराला किती छान कपडे घालतो. मला बघायचं होतं, आय तिचं ताट बाजूला सारते की नाही. बांद्र्याच्या बाईंचा मासा आमच्या आयनं नाही खाल्ला, हे मला बघायचं होतं.

बाराला बाबांनी पंप बंद केला आणि वाडीत एकदम शांतता झाली. पंपाच्या खोलीत ग्रीसचा, ओल्या मातीचा वास. वहिनीनं ओव्हन लाकडी खोक्यावर ठेवला, तळाला केळीचं पान घातलं, त्यावर रावसाचे जाड तुकडे, आणि केळीच्या दांड्याचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्यानं पाक लावला. तो तापमान वगैरे दाखवणारा ओव्हन नव्हता. मासा घालण्याआधी तिनं आत कागदाचा कपटा ठेवून, तो किती वेळात पिवळा पडतो त्यावरून धग जोखली होती. थोड्या वेळानं झाकण उघडून पाकाचा दुसरा हात, मग तिसरा. काचेतून मी पाहत होते. पाक उकळून माशावर बसत होता, लाल, मग तांबूस, कडेला काळा. वाडीभर वास सुटला. बाबा बाहेर केळीच्या सावलीत बसून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "झालं का?" आणि दर खेपेला त्यांचा आवाज जरा मवाळ होत होता.

जेवायला बसलो. वहिनीनं पहिला वाटा बाबांना दिला. ते खाऊ लागले, आणि थांबलेच नाहीत. मग तिनं सगळ्यात जाड तुकडा, पोटाकडचा, आयच्या ताटात वाढला. "आई," ती म्हणाली, "ते जाताना सांगून गेलेत, माझ्या आईला एकदा ओव्हनमधलं करून घाल. म्हणून…" ती ताटासमोर तशीच ओणवी उभी राहिली, हातात उलथनं.

आयला वास आला होताच. ताटात पाक ओघळून भाताला लागला होता. तिनं ताटाकडे पाहिलं. मग वहिनीकडे पाहिलं. जे बघायला मी बसले होते ते आता मला बघायचं नव्हतं. बाबांचा घास हातातच राहिला होता, त्यांनाही ठाऊक होतं. आयनं कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण केली, रोज करायची त्याहून जरा सावकाश. आणि तिनं खाल्लं. घास घास करून सगळा तुकडा खाल्ला. पाक लागलेला भातही खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी चिमूटभर जास्त घाल."

पुढच्या शुक्रवारी! वहिनी वळून चटकन आत गेली. आम्हाला तिचं रडणं ऐकू आलं. ते चांगलं रडणं होतं, घराला लागलेली चिकट शांतता धुऊन टाकणारं. मी मात्र माझा तुकडा ताटाच्या कडेला सारला.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना होती. चौदा ठिकाणी थांबायचं, थोडा वेळ गुडघे टेकायचे, उठायचं, पुढे जायचं. आय उठलीच नाही. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत ती गुडघ्यांवरच सरकत गेली. शेजारची बाई तिला हात द्यायला गेली तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मी मागे होते, सगळं बघत. मला कळत होतं ती काय फेडतेय आणि कुणाच्या पायी. त्या आठवड्यातही पत्र आलं नाही. मला रोज स्वप्न पडायचं की दादाला काहीतरी झालंय आणि सगळं गाव मला विचारतंय, तू का नाही बोललीस? भूगोलाचा पेपर मी कसा लिहिला ते त्या देवालाच माहीत.

दुसऱ्या शुक्रवारी वहिनीनं परत रावस केला, चिमूटभर मीठ जास्त घालून. आयनं परत खाल्ला, आणि संध्याकाळी परत गुडघ्यांवर. आता मात्र मला राहवेना. शनिवारी विहिरीवर कपडे धुताना मी वहिनीला सगळं सांगून टाकलं. गोड सोडल्याचं, कशासाठी ते, आणि मला आधीपासून ठाऊक होतं तेही.

वहिनीच्या हातातली चादर तशीच पाण्यात राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"सोडलेलं सांगायचं नसतं."

"तू देवासाठी नाही गप्प बसलीस, फिलू." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी सोडलं होतं. आणि मी माझ्याच हातानं…" मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि मी ते मागायलाही गेले नाही. खूप वेळानं तिनं फक्त चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, पिळायला.

तिसरा शुक्रवार आला. वहिनी सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून पडून होती. जानकीनं रावस आणून दिला. आयनं तो साफ केला, तुकडे केले. बारा वाजले आणि पंपाचा आवाज थांबला. वहिनी ताडकन उठून बसली. "पंप कोणी बंद केला?" आम्ही दोघी मागे धावलो.

पंपाच्या खोलीत आय उभी. ओव्हन तिनं स्वतः कपाटावरून काढून डोक्यावरून आणला होता. झाकण वाकडं बसलेलं, केळीचं पान उलटं घातलेलं, आणि वाटीत पाक. गुळाचा पाक, तिनं स्वतः केलेला, अंमळ करपलेला. आय ती तीन पायांची पिन हातात धरून भिंतीकडे संशयानं बघत होती.

"आलीस? बरं झालं. हे कुठून लावतात?"

"आई, मला कळलंय," वहिनी म्हणाली. "तुम्ही काय सोडलं होतं ते."

आयनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेतलं मी इथे लिहीत नाही. मग ती वहिनीला म्हणाली, "कळलं तर कळलं."

"तुम्ही नाही म्हणायचं ना! मी बिनगुळाचा केला असता. मला काय वाईट वाटणार होतं?"

"वाटलं असतं. तोंडानं नसतीस बोलली, पण परत त्या ओव्हनला हात नसतास लावला. महिनाभर बघतेय मी तुला. सांडशीनं उचलावं लागेल इतकी वाळलीस."

"पण त्यांचं काही झालं तर?" वहिनीचा आवाज फाटला. "तुम्ही ते मोडलंत, माझ्यापायी मोडलंत, आणि अजून पत्र नाही. तुम्हाला भीती नाही वाटत?"

बाहेरून बाबांची हाक आली, "झालं का?" आयनं पिन खोक्यावर ठेवली. तिचे हात माशाचे होते, म्हणून तिनं मनगटानं वहिनीच्या तोंडावरचे केस मागे सारले.

"वाटते तर. रात्रंदिवस वाटते. देवाशी जे काही आहे ते मी गुडघ्यांवर बघून घेईन, तो माझ्या ओळखीचा आहे. पण सायमन माझा लांब आहे गं. मी इथे उपाशी बसले तरी त्याच्या तोंडात घास घालू शकत नाही. तू समोर होतीस." तिनं पिन उचलून वहिनीच्या हातात दिली. "लाव आता. आणि तो पाक माझा करपलाय, तुझा तू दुसरा कर."